जीपचं व्हिनायल हूड धुणं, जपणं, दुरुस्त करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थार, जिप्सी किंवा महिंद्राची जुनी जीप बाळगणाऱ्यांकडून मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा दसऱ्याच्या आसपास जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे, पुढे अडचणीचे. बहुतेक उत्तरं एकाच गोष्टीवर उभी आहेत, म्हणून ती आधी सांगतो. हूड, म्हणजे गाडीवरचं मऊ, घडीचं छप्पर, पावसाने जात नाही, पाऊस झेलायलाच ते केलेलं असतं. ते जातं उन्हाने, ओलं असताना घडी घातल्याने आणि चकाकीसाठी चोपडलेल्या भलत्यासलत्या द्रव्यांनी.

१. माझ्या गाडीचं हूड व्हिनायलचं आहे की कापडाचं, हे कसं ओळखू?

एक कोपरा सोडवून उलटा करून पाहा. वरच्या बाजूला सलग प्लास्टिकचा थर, त्यावर चामड्यासारखा बारीक दाणा आणि आतल्या बाजूला विणलेलं कापड दिसलं, तर ते व्हिनायल. आपले कुशनवाले त्याला सरसकट रेक्झिन म्हणतात. दोन्ही बाजूंनी वीण दिसत असेल तर ते कॅनव्हास किंवा ट्विल. अजून शंका असेल तर पाण्याचा थेंब टाकून पाच मिनिटं थांबा. व्हिनायलवर तो तसाच बसून राहतो, जुन्या कॅनव्हासवर पसरून मुरतो. गाडी जुन्या बाजारातून घेतली असेल तर ही तपासणी कराच, कारण आधीच्या मालकाने हूड बदललेलं असण्याची शक्यता मोठी असते. कॅनव्हास निघालं तर थेट प्रश्न १८ वाचा.

२. व्हिनायल खराब होतं म्हणजे नेमकं काय होतं?

व्हिनायल म्हणजे पीव्हीसी. नळाच्या पाइपाचं पीव्हीसी आणि हुडाचं पीव्हीसी मुळात एकच. हुडाच्या पीव्हीसीत प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं, म्हणून ते मऊ राहतं आणि त्याची घडी होते. ऊन आणि उष्णता हे द्रव्य हळूहळू बाहेर काढतात. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, थिनर यांच्याने तेच काम झपाट्याने होतं. मग हूड कडक होतं, आकसतं आणि जिथे रोज घडी पडते तिथे आधी बारीक तडे जातात. सूर्याची अतिनील किरणं पीव्हीसीची साखळीच तोडतात. बोट फिरवल्यावर पांढरट भुकटी लागते, ती त्याचीच.

एकदा गेलेलं प्लास्टिसायझर कुठल्याही पॉलिशने परत येत नाही. बाटलीवर ‘व्हिनायल पुन्हा नवं करा’ असं कितीही मोठ्या अक्षरात छापलेलं असलं तरी नाही. म्हणून खरं काम हूड चांगलं आहे तोवरच करायचं असतं.

३. हूड किती दिवसांनी धुवावं?

शहरात रोज चालणारी गाडी असेल तर साध्या पाण्याने दर आठवड्याला, साबणाने महिन्यातून एकदा. चिखलाच्या किंवा धुळीच्या वाटेवरून आलात तर त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी सकाळी. लाल माती वाळून दाण्यांत बसली की ती काढायला घासावं लागतं, आणि घासण्यानेच हुडाचं आयुष्य कमी होतं. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी साध्या पाण्याचा हात दर दोन-तीन दिवसांनी फिरवावा.

४. घरी धुण्याची पद्धत सांगा. कुठून सुरू करायचं?

सावलीतून. उन्हात तापलेल्या हुडावर साबण ओतला की तो पुसायच्या आतच वाळतो आणि डाग सोडतो. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर धुवा. हूड गाडीवर पूर्ण ताणून, सगळ्या चेन आणि बटणं लावून ठेवा, म्हणजे घड्यांमध्ये लपलेली धूळ उघडी पडते.

आधी नुसतं पाणी. पाइपच्या साध्या धारेने वरून खाली सगळी सुटी धूळ वाहून जाऊ द्या. या पायरीवर घाई करू नका. धूळ तशीच ठेवून ब्रश मारला तर तीच धूळ पॉलिशपेपरचं काम करते. मग एका बादलीत साबणाचं पाणी आणि दुसऱ्या बादलीत साधं पाणी घ्या. मऊ केसांचा ब्रश साबणात बुडवून हातभर जागा गोल गोल घासा, ब्रश साध्या पाण्यात खळबळून काढा, मग पुढची हातभर जागा. बुटांना चमक आणायला वापरतात तसा मऊ ब्रश चांगला. कपडे धुण्याचा कडक ब्रश आणि भांड्यांची हिरवी घासणी हुडाच्या जवळपासही आणू नका.

शिलाईच्या रेघांवर ब्रश आडवा नाही, रेघेच्या दिशेने फिरवा. चेनच्या वरची झाकणपट्टी उचलून तिच्या खालून पुसा. धुतलेल्या गाडीतही तिथे ओंजळभर माती सापडते. एक भाग झाला की लगेच पाणी मारा, साबण वाळू देऊ नका. खिडक्यांना हा ब्रश लावायचा नाही, त्यांची पद्धत प्रश्न ९ मध्ये आहे.

शेवटी मऊ कापडाने टिपून घ्या आणि हूड ताणलेलंच ठेवून वाळू द्या. आतल्या कापडी बाजूला हात लावून बघा. ती कोरडी लागेपर्यंत घडी घालायची नाही.

५. कोणता साबण वापरू? गाडीचा शाम्पू, भांड्यांचं लिक्विड, कपड्यांची पावडर की रिठा?

गाडीचा शाम्पू सगळ्यात निर्धास्त. भांड्यांचं लिक्विड अधूनमधून चालतं, पण ते आधी लावलेला संरक्षक थरही काढून टाकतं. त्यामुळे नवा थर लावायच्या दिवशीच ते वापरा. कपड्यांची पावडर आणि बार साबण नको. दोन्ही क्षारयुक्त असतात आणि दाण्यांत पांढरी राप सोडतात. रिठ्याचं पाणी सौम्य आहे, मी ते हुडाच्या आतल्या बाजूला आवडीने वापरतो. फक्त गाळून घ्या, टरफलाचे तुकडे शिलाईत अडकतात.

बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे वाळल्यावर पांढरे ठिपके उमटत असतील, तर शेवटचा हात साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या पाण्याने द्या. जुने ठिपके पाण्यात थोडा व्हिनेगर घालून पुसले की निघतात.

६. वेळ नसतो. वॉशिंग सेंटरला दिली तर काय बिघडतं?

बिघडतंच असं नाही, पण तीन गोष्टी आधी बजावून सांगा आणि उभं राहून पाहा. प्रेशरची धार हुडापासून निदान चार फूट लांब, पसरट, आणि शिलाई, चेन व खिडकीच्या कडेवर अजिबात नाही. जोरदार धारेने शिलाईची भोकं मोठी होतात आणि मग पावसात गळतात. दुसरं, गाडीखाली डिझेल किंवा ऑइलचा फवारा मारणार असतील तर नको म्हणा. त्याचे तुषार वाऱ्याने हुडाच्या खालच्या कडेवर बसतात, आणि डिझेल व्हिनायलचं काय करतं ते प्रश्न २ मध्ये आलंच आहे. तिसरं, शेवटी ‘चकाचक’ करण्यासाठी टायरच्या पॉलिशचा बोळा हुडावर फिरवू देऊ नका.

७. संरक्षक थर लावायलाच हवा का? कोणता, कधी आणि कसा?

हवाच. हुडासाठी एकच खर्च करायचा असेल तर तो इथे करा.

संरक्षक म्हणजे अतिनील किरणं अडवणारं, पाण्यावर आधारलेलं द्रव. ३०३ हे त्यातलं जुनं नाव, इतर कंपन्यांचीही आहेत. बाटली घेताना दोन गोष्टी पाहा: पाण्यावर आधारित आहे का, आणि अतिनील किरणांपासून संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे का. पेट्रोलियम द्रावक लिहिलेलं दिसलं की बाटली परत ठेवा. वास घेऊनही कळतं. रॉकेलसारखा वास येणारं काहीही व्हिनायलला नको.

हूड धुऊन पूर्ण वाळलेलं हवं आणि गाडी सावलीत हवी. द्रव थेट हुडावर फवारण्यापेक्षा स्पंजवर घेऊन एकेका फाळक्यावर पातळ पसरवा, दोन-तीन मिनिटांनी कोरड्या कापडाने उरलेलं पुसून घ्या. जास्त लावल्याने जास्त संरक्षण मिळत नाही. उरलेला थर ओघळ धरतो आणि धूळ ओढतो. लावल्यावर एक रात्र गाडी कोरडी राहू द्या. घड्यांच्या रेघा आणि वरच्या दांड्यांवरून जाणाऱ्या पट्ट्यांना दुसरा हात द्या, कारण तडे तिथूनच सुरू होतात.

वेळापत्रक आपल्या हवामानाप्रमाणे ठेवा. मार्च ते मे साधारण महिन्याने एकदा. विदर्भ-मराठवाड्यात गाडी दिवसभर उघड्यावर असेल तर तीन आठवड्यांनी. मृगाच्या आधी एक पक्का हात. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा. मग दसऱ्याच्या सुमारास पुन्हा एकदा नीट धुऊन लावा, कारण ऑक्टोबरचं ऊन मेपेक्षा कमी छळत नाही.

८. टायर पॉलिश, डॅशबोर्ड पॉलिश किंवा खोबरेल तेलाने हूड काळंभोर दिसतं. ते का नको?

दिसतं ते दोन दिवस. टायर पॉलिश आणि स्वस्त डॅशबोर्ड पॉलिशमध्ये सिलिकॉन तेल असतं, काहींत पेट्रोलियम द्रावकही. तेलकट थरावर धूळ चिकटते, ऊन अडत नाही, आणि पुढे कधी ठिगळ लावायची वेळ आली तर त्या जागी गोंद धरत नाही. खोबरेल तेल उन्हात खवट होतं आणि पावसाळ्यात बुरशीला खाऊ घालतं. आतल्या बाजूला, जिथे मागच्या सीटवर बसणाऱ्यांचं डोकं टेकतं, तिथे केसांच्या तेलाचा गोल काळा डाग तुम्ही पाहिला असेल. बुरशी बहुतेकदा त्या डागापासूनच सुरू होते.

९. प्लास्टिकच्या खिडक्या धुरकट आणि ओरखड्यांनी भरल्या आहेत. काय करू?

ओरखडे जवळजवळ नेहमी एकाच सवयीने येतात: सकाळी गाडी काढताना धूळ बसलेली खिडकी कोरड्या फडक्याने पुसणं. ही खिडकी काच नाही, मऊ पारदर्शक पीव्हीसी आहे. धुळीतल्या वाळूचा एकेक कण तिच्यावर रेघ ओढतो. आधी भरपूर पाणी ओतायचं, मग हाताच्या तळव्याने साबणाचं पाणी फिरवायचं. तळव्याला खडा लगेच कळतो, फडक्याला कळत नाही. मग पुन्हा पाणी आणि खास खिडक्यांसाठी ठेवलेल्या स्वच्छ मायक्रोफायबरने टिपणं. घासायचं नाही. हुडाला वापरलेलं कापड इथे आणायचं नाही.

अमोनिया असलेला काचेचा क्लीनर, स्पिरिट, थिनर यांनी ही खिडकी कायमची धुरकट होते. स्टिकर चिकटवू नका, गोंदाची खूण राहते.

हलका धुरकटपणा पारदर्शक प्लास्टिकसाठी मिळणाऱ्या पॉलिशने बराच कमी होतो. मऊ कापडावर थोडं घेऊन, छोट्या जागेवर, कमी दाब देऊन करा. नखाला लागतील इतके खोल ओरखडे आणि उन्हाने आलेला पिवळेपणा मात्र जात नाही. तेव्हा पूर्ण हूड बदलायची गरज नसते. रिक्षाची हूडं शिवणारा चांगला कारागीर जुनी खिडकी उसवून नवी शीट शिवून देतो. मागची खिडकी रात्री आरशात दिव्यांचे फक्त झुबके दाखवायला लागली की ते काम पुढे ढकलू नका.

घडी घालताना दोन खिडक्या एकमेकींवर येत असतील तर मध्ये जुनी सुती चादर किंवा धोतराचं मऊ पान घाला.

१०. या खिडक्यांवर काळी फिल्म चिकटवू का?

नको. मऊ पीव्हीसी उन्हात प्रसरण पावतं, फिल्म तशी पावत नाही. मग फुगे येतात आणि काढताना खिडकी ओरबाडते. शिवाय पुढच्या-मागच्या काचांतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा हा नियम आहेच, आणि २०१२ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर काळ्या फिल्मवर कारवाई होते.

११. दर पावसाळ्यात आतल्या बाजूला आणि शिलाईवर बुरशी येते. कायमचा उपाय आहे का?

आंबोलीसारख्या, वर्षाला ७००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या ठिकाणी राहत असाल तर ‘कायमचा’ हा शब्द वापरता येणार नाही. पण आटोक्यात नक्की ठेवता येते. बुरशी नुसत्या व्हिनायलवर फारशी जगत नाही. ती जगते त्यावरच्या मळावर, आतल्या कापडावर आणि दोऱ्यावर. म्हणून जवळून पाहिलं तर सपाट भाग स्वच्छ असतो आणि शिलाईच्या रेघेवर टाक्याटाक्याला काळे-हिरवे ठिपके असतात.

आधी कोरड्या ब्रशने सुटी बुरशी बाहेर, मोकळ्या हवेत झटकून काढा. नाकावर मास्क असू द्या. मग पांढरा व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन फवारा, सावलीत पंधरा-वीस मिनिटं ओलं राहू द्या, मऊ ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. बटणांवर आणि चेनवर व्हिनेगर राहू देऊ नका, धातू खातो. नंतर कडकडीत वाळवा. हूड दुपारभर उघडं ताणून ठेवण्यासारखा एक दिवस जुलैतही कधीतरी मिळतोच, तो वाया घालवू नका.

ब्लीच मी सुचवत नाही. त्याने डाग उडतात, पण दोरा कमजोर होतो, आणि दोरा तुटला की हूड मांडीवर येतं. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र तर कधीच करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद गॅरेजमध्ये हे जिवावर बेतू शकतं.

पुन्हा येऊ नये म्हणून ओलं हूड घडी घालणं बंद करा. भिजून आलात तर ते ताणलेलं ठेवा, बाजूच्या खिडक्यांच्या चेन चार बोटं उघड्या ठेवा, खालचे ओले मॅट आणि पोती बाहेर काढा. गाडीतली ओल मॅटमधून वर चढते आणि हुडाच्या आतल्या बाजूला बसते.

१२. बुरशी गेली, पण फिक्या हुडावर गुलाबी डाग राहिले. ते कसे काढायचे?

निघत नाहीत. काही सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य सोडतात आणि ते व्हिनायलच्या आत मुरतं. कितीही घासलं तरी फक्त वरचा दाणा झिजेल. पुढचं हूड काळं किंवा गडद तपकिरी घ्या.

१३. गणपतीत गुलाल, जेजुरीला भंडारा आणि दसऱ्याला कुंकू, सगळं हुडावर बसलं. कसं काढू?

तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे, म्हणून उपायही वेगळे.

गुलालाला पाणी लावायची घाई करू नका. ओला झाला की रंग दाण्यांत उतरतो. आधी ब्लोअरने किंवा मऊ कोरड्या ब्रशने जितका झटकता येईल तितका झटका, मग भरपूर पाण्याची धार, मग साबण. ओलं फडकं फिरवून चोळलंत तर सगळं हूड गुलाबी झालंच समजा.

भंडारा म्हणजे हळद. हळदीला क्षारयुक्त साबण लागला की ती लालसर होते. ते पाहून लोक घाबरून आणखी घासतात. घाबरू नका आणि घासूही नका. सुटी हळद झटका, सौम्य शाम्पूने धुवा आणि उरलेला पिवळा डाग उन्हावर सोडा. हळदीचा रंग उजेडात आपोआप उडतो. व्हिनायलला ऊन वाईट असलं तरी या कामासाठी दोन-तीन दुपारी पुरतात.

कुंकू जुन्या पद्धतीचं, हळदीला चुना लावून केलेलं असेल तर त्यालाही हाच उपाय. बाजारी कुंकवात रासायनिक रंग असतो, त्याचा डाग त्याच दिवशी साबणाने काढा. तेलात कालवलेला शेंदूर सगळ्यात चिवट. कागदाने टिपा, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब लावून पाच मिनिटं थांबा, पुसा, गरज पडली तर पुन्हा करा.

खंडेनवमीला किंवा दसऱ्याला पूजा जरूर करा, फक्त स्वस्तिक बॉनेटवर काढा आणि झेंडूचा हार हुडावर दोन दिवस सुकू देऊ नका. ओल्या झेंडूखाली पिवळी-तपकिरी खूण उमटते.

१४. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा डिंक, डांबर, जांभळाचे डाग: प्रत्येकाला वेगळं काही लागतं का?

विष्ठा आम्लधर्मी असते आणि उन्हात थर खाते. ओलं फडकं दहा मिनिटं वर ठेवून मऊ करा आणि उचला, खरवडू नका. जांभूळ ताजं असेल तर साबणाने जातं, वाळलेलं असेल तर व्हिनेगरच्या पाण्याने फिकं होतं. मेच्या अखेरीस जांभळाखाली गाडी लावू नका, एवढं टाळलं तर प्रश्नच मिटतो. डिंक कोमट पाण्याने मऊ करून बोटाने गोळा करा. डांबराच्या ठिपक्याला स्वयंपाकाचं तेल कापसावर घेऊन लावा, सैल झाला की पुसा आणि ते तेल लगेच साबणाने धुऊन टाका. तेल राहू का द्यायचं नाही, ते प्रश्न ८ मध्ये आहे. रॉकेलने डांबर झटकन निघतं हे खरं, पण सोबत प्लास्टिसायझरही निघतं.

१५. चेन अडकतात आणि बटणं गंजली आहेत. आम्ही रत्नागिरीकडचे, खारं वारं सतत.

चेन जोराने ओढू नका. जुन्या दातब्रशने आणि साबणाच्या पाण्याने दात धुवा, वाळवा, मग साध्या पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा दोन्ही बाजूंच्या दातांवर घासा आणि चेन चार-पाच वेळा वर-खाली करा. गंज सोडवायचं स्प्रे तेल चेनवर नको, त्यावर धूळ बसून चिखल होतो.

टिचबटणांचा गंज बारीक पॉलिशपेपरने हुडाला न लागता काढा आणि पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा, फक्त धातूवर. बटण उघडताना हूड ओढायचं नाही. बोट बटणाच्या खाली घालून उचलायचं, नाहीतर बटणाभोवतीचं व्हिनायल फाटतं. नवीन बटणं बसवताना पितळी किंवा स्टेनलेस मागा.

१६. हूड धड आहे, तरी शिलाईतून थेंब थेंब पाणी येतं. का?

सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी यायला वाट असते. नवीन हुडात दोरा घट्ट बसून आणि सीलर (भोकं बुजवणारं द्रव) लावून ती बंद असते. दोरा जुना झाला की उघडते. शिलाईसाठीचा सीम सीलर हुडाच्या बाहेरच्या बाजूने, धुऊन वाळवलेल्या रेघेवर बारीक ब्रशने लावा आणि डबीवर लिहिलेला वेळ वाळू द्या. आधी सिलिकॉनचं पॉलिश लावलेलं असेल तर सीलर धरणार नाही. प्रवासात अडकलात तर मेण घासून तात्पुरतं भागतं. झटपट चिकटणारा गोंद वापरू नका. तो काचेसारखा कडक होतो आणि पहिल्याच घडीला व्हिनायल त्या रेघेवर फुटतं.

पाणी शिलाईतून नाही तर समोरच्या काचेच्या वरच्या पट्टीतून येत असेल तर दोष हुडाच्या ताणाचा किंवा रबराचा आहे, सीलरचा नाही.

१७. महाबळेश्वरला माकडाने हूड फाडलं. ठिगळ टिकतं का?

बोटभर चीर असेल तर टिकतं. ठिगळ आतल्या बाजूने लावा, त्याच जाडीच्या व्हिनायलचं, आणि कोपरे गोल कापा. चौकोनी कोपरा आधी सुटतो. जागा साबणाने धुऊन वाळवा, पीव्हीसीसाठीचा लवचीक गोंद दोन्हीकडे पातळ लावा, सपाट फळीवर दाबून रात्रभर ठेवा. फाटलेल्या कडा बाहेरून एकमेकींना टेकवून घ्या. हाताने टाके घालू नका, प्रत्येक टाका नवीन गळती आहे. चीर घडीच्या रेघेवर असेल किंवा वीतभर असेल तर कारागिराकडून तेवढा पट्टाच बदलून घ्या.

माकडं हुडासाठी येत नाहीत, आतल्या खाऊसाठी येतात. घाटात थांबताना भुईमुगाच्या शेंगा, मका, केळी गाडीत ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा नाही.

१८. माझ्या जुन्या जीपला खाकी कॅनव्हास आहे. हेच सगळं करू का?

नाही. सुती कॅनव्हासचा पाणरोधकपणा त्यात मुरवलेल्या मेणात किंवा रसायनात असतो आणि साबण तो धुऊन काढतो. कॅनव्हास कोरडं झटकायचं, साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायचं, पूर्ण वाळवून कॅनव्हाससाठीचं वॉटरप्रूफिंग लावायचं. व्हिनायलचा संरक्षक त्यावर वाया जातो. वाळवण्याबाबत मात्र कॅनव्हास आणखी हळवं. ओलं बांधून ठेवलं तर सुती धागा कुजतो.

१९. गाडी उघड्यावर असते. वरून प्लास्टिकची ताडपत्री टाकली तर चालेल?

उन्हाळ्यात नको, पावसाळ्यात तर अजिबात नको. ताडपत्रीखाली ओल आणि उष्णता दोन्ही कोंडतात, आणि वाऱ्याने फडफडून ती खिडक्या घासते. रंगीत प्लास्टिक किंवा रबराची मॅट तापलेल्या व्हिनायलला चिकटून राहिली तर तिचा डागही उतरतो. हवा खेळणारं कापडी कव्हर घ्या, हूड स्वच्छ आणि कोरडं असतानाच घाला. पत्र्याची शेड किंवा नुसता हिरवा शेडनेट वरून चार फुटांवर बांधणं सगळ्यात चांगलं.

२०. वर्षभरासाठी हार्ड टॉप (कडक छप्पर) बसवतोय. काढलेलं हूड कसं ठेवू?

धुऊन, संरक्षक लावून, दोन दिवस वाळवून. घडी न घालता जाड पाइपावर गुंडाळा, खिडक्यांच्या थरांमध्ये सुती कापड घाला. वर्तमानपत्र नको, शाई खिडकीवर उतरते. गुंडाळी उभी किंवा टांगून ठेवा, वर काही रचू नका. डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेने व्हिनायल मऊ आणि चिकट होऊ शकतं. उंदरांसाठी पिंजरा लावा, कारण गुंडाळलेलं हूड त्यांना घर म्हणून फार आवडतं.

२१. थंडीत हूड आखडतं आणि बटणं पोचतच नाहीत.

थंडीत व्हिनायल आकसतं आणि कडक होतं. ओढाताण केली तर बटण उपटून येतं. गाडी अर्धा-पाऊण तास उन्हात ठेवा, मग समोरून मागे क्रमाने लावत जा. चेन आधी, बटणं शेवटी. हेअर ड्रायर चालतो, लांबून आणि सतत हलवत. हीटगन नको. अमेरिका-कॅनडात रँगलर जीप चालवणाऱ्या आपल्या मंडळींनी गोठलेल्या हुडाची घडी घालायची नाही, ते काचेसारखं तडकतं. बर्फ मऊ झाडूने ढकला, खिडकीवर खरवडणी फिरवू नका, आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ दर आठवड्याला धुऊन काढा. उन्हाळ्यात काढून ठेवलेलं हूड पुन्हा चढवताना आखूड वाटलं तर रात्रभर उबदार खोलीत पसरून ठेवा.

२२. हूड पांढरट पडलंय. रंग देता येईल का? आणि चिकट झालं असेल तर?

नुसतं फिकं झालं असेल आणि घडीत तडे नसतील तर लवचीक व्हिनायल डाय लावता येतो. नीट धुऊन, पातळ दोन हात. बुटांचं पॉलिश कपड्यांना लागतं, ऑइलपेंट घडीवर पोपडे धरतो. तडे असतील तर रंगावर पैसे घालू नका.

चिकटपणा दोन प्रकारचा असतो. पॉलिशचा असेल तर भांड्यांच्या लिक्विडने दोनदा धुतल्यावर जातो. धुऊन आठवड्यात परत आला तर आतलं प्लास्टिसायझर वर येतंय, आणि ते हूड आता बदलायचंच.

२३. नवीन हूड शिवून घ्यायचं ठरवलंय. कारागिराला काय सांगू?

जुनं हूड फेकू नका, ते त्याच्यासमोर ठेवा. जिप्सीचं उत्पादन बंद झाल्यापासून मापं जुन्या हुडावरूनच निघतात, आणि घासून झिजलेल्या जागा पाहिल्या की दुहेरी पट्टी कुठे हवी ते आपोआप कळतं.

कापड सीटचं रेक्झिन नको, बाहेरच्या वापराचं अतिनील-रोधक व्हिनायल हवं. तुकडा हातात घेऊन दुमडा. घडीवर पांढरी रेघ उमटून तशीच राहिली तर ते घेऊ नका. दोरा पॉलिएस्टरचा हवा, सुती दोरा दोन पावसाळ्यांत कुजतो. टाके फार दाट नकोत, दाट टाक्यांच्या रेघेवर व्हिनायल फाटतं. खिडकीची शीट जाड मागा आणि उजेडात धरून बघा, लाटा दिसत असतील तर दुसरी मागा. दांड्यांवर जिथे हूड घासतं तिथे आतून पट्टी लावून घ्या.

माप घेताना गाडी सपाट जागी आणि सगळ्या दांड्या पूर्ण ताणलेल्या असाव्यात. पहिल्यांदा बसवताना थोडं घट्ट वाटणं योग्य आहे, उन्हाने ते सैल होतं. घेण्याआधी तिथेच पाइपने दहा मिनिटं पाणी मारून आत बसून पाहा. गळतीची जागा खडूने खूण करा आणि तेवढ्यावर लगेच सीलर लावून घ्या. हे काम एप्रिलमध्ये करा. मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळे रिक्षावाले हूड शिवायला येतात आणि चांगला कारागीर जूनपर्यंत हाताला लागत नाही.